भिंतीत शिरलेले पाणी बाहेर कुठून पडणार?

इमारतीचे बाह्य आवरण, त्याचे आयुष्य आणि ओल यांविषयी व्यावसायिकांनी काय शिकावे आणि कसे शिकावे, या विषयावरची पाच पत्रे या वेळी निवडली आहेत. जागेअभावी पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : मी बारा वर्षे वास्तुविशारद म्हणून काम करते. महाविद्यालयात नियोजन, संरचना, साहित्य हे सगळे शिकवले गेले, पण भिंतीला ओल का येते हे कुणी मुळापासून सांगितले नाही. आता शिकायचे म्हटले तर बहुतेक कार्यशाळा माल विकणाऱ्या कंपन्यांच्या असतात आणि प्रत्येक जण आपलेच रसायन सर्वांत चांगले असल्याचे सांगतो. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : रसायनाची निवड ही या विषयातली शेवटची पायरी आहे, आणि कार्यशाळा तिथूनच सुरू होतात म्हणून आपला गोंधळ होतो. पहिली पायरी म्हणजे पाणी आवरणात कोणत्या वाटांनी येते आणि त्यांपैकी कोणती वाट किती मोठी आहे, हे ओळखणे. वाटा चार आहेत. पावसाचे थेट पाणी ही पहिली. जमिनीतून किंवा सच्छिद्र मालातून केशाकर्षणाने चढणारे पाणी ही दुसरी. फटींमधून शिरणाऱ्या हवेबरोबर येणारे बाष्प ही तिसरी, आणि मालाच्या आरपार हळूहळू सरकणारे, म्हणजे विसरणाने जाणारे बाष्प ही चौथी. सर्वसाधारण इमारतीत त्यांचे महत्त्वही याच क्रमाने उतरत जाते. अभ्यासक्रमांत मात्र बहुधा चौथ्या वाटेवर सर्वाधिक तास खर्ची पडतात, कारण तिचे गणित कागदावर मांडता येते. जिप्समच्या एका अखंड पत्र्यातून थंडीच्या अख्ख्या हंगामात विसरणाने जेवढे बाष्प जाते, त्याच्या कित्येक पट बाष्प त्याच पत्र्याला पडलेल्या बोटाच्या पेराएवढ्या भोकातून हवेबरोबर निघून जाते. एवढे एक समजले तरी विजेच्या पेटीभोवतीची फट आणि पाइपाभोवतीचे मोकळे भोक यांकडे बघण्याची आपली नजर बदलते.

केशाकर्षणाचेही तसेच आहे. ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी सुमारे १५ सेंटिमीटर चढते, आणि त्रिज्या दहापट कमी झाली की तेच पाणी दीड मीटर चढू पाहते. प्रत्यक्ष भिंतीत बाष्पीभवन त्याला मध्येच अडवते, म्हणून जोत्यावरच्या ओलीची रेघ एका ठरावीक उंचीवर थांबलेली दिसते. त्या भिंतीला बाहेरून घट्ट फरशी लावली की बाष्पीभवनाची जागा बुजते आणि रेघ फरशीच्या वर सरकते. अशी रेघ एकदा स्वतः पाहिली की ओलरोधक पट्टी जोत्यातच का घालायची, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

या विषयाचा पाया नवा नाही. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतले नील हचियन यांनी १९६३ साली बाह्य भिंतीने काय काय केले पाहिजे, याची यादी मांडली : उष्णता, हवा, बाष्प आणि पाऊस यांना आवर घालणे, ऊन, आवाज व आग यांचा बंदोबस्त करणे, मजबूत असणे, टिकणे, दिसायला चांगली असणे आणि परवडणे. त्यांतल्या पहिल्या चार कामांसाठी भिंतीत चार थर असावे लागतात, पाण्याचा, हवेचा, बाष्पाचा आणि उष्णतेचा. एकच माल दोन-तीन कामे करू शकतो. कोणते काम कोण करते आहे, हे मात्र आपल्याला सांगता आले पाहिजे.

आता पहिला गृहपाठ. आपल्याच पूर्ण झालेल्या एखाद्या इमारतीचा जोत्यापासून कठड्यापर्यंतचा छेद घ्यावा आणि निळ्या पेन्सिलीने पाणी अडवणाऱ्या थराची रेघ, पेन्सिल न उचलता, पायापासून गच्चीवरून फिरवून पुन्हा पायापर्यंत आणावी. मग लाल पेन्सिलीने हवेच्या थराची आणि हिरव्या पेन्सिलीने उष्णतारोधक थराची. पेन्सिल जिथे अडखळेल ती जागा वहीत लिहून ठेवावी. बहुधा ती खिडकीच्या डोक्यावर, सज्जाच्या स्लॅबपाशी, कठड्याच्या मुळाशी किंवा दोन वेगळ्या मालांच्या सांध्यात अडखळते, आणि वाळलेल्या ओलीचे डागही बहुधा तिथेच सापडतात. मग त्या प्रत्येक जागेचा १:५ प्रमाणातला तपशील काढावा, वरचा थर खालच्यावर कौलांसारखा चढला आहे ना हे पाहावे, आणि तो सांधा कोणता कारागीर कोणाच्या आधी करणार हे कडेला लिहावे. अशा दहा सांध्यांवर काम केले की दहा कार्यशाळांपेक्षा अधिक शिकून होते, असा माझा अनुभव आहे.

कंपन्यांच्या कार्यशाळा टाळू नयेत, तिथे मालाची हाताळणी चांगली कळते. मात्र तिथे तीन प्रश्न जरूर विचारावेत. हा थर लावताना पृष्ठभाग किती कोरडा असावा लागतो? त्याचे आयुष्य त्यावर येणाऱ्या थरापेक्षा कमी असेल, तर तो बदलताना वरचे काय काय फोडावे लागेल? आणि तरीही त्याच्या मागे पाणी गेले, तर ते कोणत्या वाटेने बाहेर येईल? तिसऱ्या प्रश्नावर 'पाणी जाणारच नाही' असे उत्तर मिळाले, तर त्या मालाबद्दल सावध राहावे.

प्रश्न : मी बांधकामावर देखरेख करणारा अभियंता आहे. एका इमारतीच्या वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या गळतात. दोनदा सीलंट काढून नवे भरले, तरी जोराच्या पावसात खालच्या कोपऱ्यातून पाणी आत येतेच. सीलंटचा दर्जा कमी आहे, की भरणाऱ्यांचे काम कच्चे आहे?

उत्तर : दोन्ही शक्य आहे, पण मला तिसरीच शंका येते. त्या खिडकीचा सगळा भार एका सीलंटच्या रेघेवर टाकलेला असावा.

भिंतीतून पाऊस आत यायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : पृष्ठभागावर पाणी, त्याला शिरायला भोक, आणि ढकलणारे बळ. सीलंटने आपण फक्त भोक बुजवतो. पाणी तिथेच वाहत असते आणि वाराही तसाच असतो. ताशी ७२ किलोमीटरचा वारा भिंतीवर सुमारे २४५ पास्कल दाब देतो, म्हणजे पाण्याचा साधारण २५ मिलिमीटर उंचीचा स्तंभ तो उचलून धरू शकतो. खिडकीच्या तळाची मागची उभी कड १० मिलिमीटरची असेल, तर तिच्यावरून पाणी आत ओसंडणे हा कारागिराचा दोष नव्हे, तो नकाशातला दोष आहे.

अशी एक खिडकी उघडून पाहावी. चौकट काढली की पुष्कळदा एकच चित्र दिसते. चौकटीखालचा गिलावा सपाट असतो किंवा आतल्या बाजूला किंचित उतरता असतो, चौकट बसवताना खालून मारलेल्या स्क्रूंची भोके उघडी असतात, आणि दोन्ही कोपऱ्यांत गिलाव्याचा रंग गडद झालेला असतो. बाहेरच्या सीलंटला कुठेतरी केसाएवढी फट पडते, पाणी आत जाऊन त्या सपाट जागेवर साचते, आणि बाहेरची कड सीलंटने पक्की बंद असल्यामुळे त्याला आतच यावे लागते. आपण दुसऱ्यांदा अधिक काळजीने भरलेल्या सीलंटने ही परतीची वाट आणखी घट्ट बंद केली, एवढेच.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवावा. चौकटीखाली बाहेरच्या बाजूला ढाळ द्यावा. त्यावर दोन्ही टोकांना आणि मागच्या बाजूला वर वळलेला अखंड ओलरोधक थर घ्यावा, म्हणजे खिडकीखाली एक उथळ ताट तयार होते. या ताटाला स्क्रू मारू नये. पुढची खालची कड सलग सीलंटने न भरता पाणी बाहेर पडण्यापुरती मोकळी ठेवावी, आणि हवा अडवणारी सीलंटची रेघ चौकटीच्या आतल्या बाजूला घ्यावी, जिथे तिच्यावर ऊनपाऊस पडत नाही. बाहेरच्या सांध्यात सीलंट लागेलच. त्यामागे बॅकर रॉड, म्हणजे सांध्यात दाबून बसवायची फोमची गोल दोरी, हवा, म्हणजे सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटेल आणि मधला भाग ताणायला मोकळा राहील. तिन्ही बाजूंना चिकटलेले सीलंट सांधा हलला की फाटते, मग ते कितीही उत्तम प्रतीचे असो.

उघडण्यापूर्वी पाण्याची चाचणी अवश्य घ्यावी, पण तळापासून वर. आधी फक्त खालचा सांधा, मग बाजू, मग डोके, आणि प्रत्येक टप्प्यावर थांबून. वरून सुरुवात केली तर सगळे एकदम भिजते आणि पाणी कुठून आले ते कळत नाही. चाचण्यांची मानके ठरवणाऱ्या एएसटीएम या संस्थेच्या ई ११०५ या पद्धतीत दर चौरस मीटरला दर मिनिटाला ३.४ लिटर पाण्याचा फवारा धरला जातो, त्यावरून चाचणी किती कडक असावी याचा अंदाज येईल.

खिडकीवरचा छज्जाही पाहावा. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या एका कामात छज्जांच्या तळाला पागोळीची खाच मी नकाशात एका बारीक रेघेने दाखवली होती. गिलावा करताना ती बुजली आणि ते माझ्या लक्षात आले नाही. पाणी छज्जाच्या तळाला चिकटून मागे सरकत भिंतीवर येत राहिले आणि दोन वर्षे मी रंगाला दोष देत राहिलो. शेवटी एका पावसात छज्जाखाली उभा राहून वर पाहिले, तेव्हा थेंब कडेवरून न पडता आत चालत येताना दिसले. तेव्हापासून ती खाच मी स्वतंत्र तपशिलात, मापासह काढतो आणि गिलावा ओला असताना बोट फिरवून तपासतो.

प्रश्न : एका परदेशी पुस्तकात बाष्परोधक प्लॅस्टिक भिंतीच्या आतल्या बाजूला लावावे असे वाचले. आमच्या कार्यालयाने एका वातानुकूलित इमारतीत तसेच केले, तर काही महिन्यांत आतल्या पत्र्यामागे बुरशी आली. पुस्तक चुकले का?

उत्तर : ते पुस्तक थंड हवामानासाठी लिहिलेले असणार आणि तिथे ते बरोबरच आहे. थंडीत घरातली हवा उबदार व दमट असते, बाष्प आतून बाहेर जाते, म्हणून त्याला उबदार बाजूला, म्हणजे आत अडवतात. उष्ण व दमट हवेत वातानुकूलन चालू असले की ही दिशा उलटते. बाहेर ३० अंश सेल्सिअस आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल तर बाष्पाचा दाब सुमारे ३,४०० पास्कल असतो, तर आत २४ अंश आणि ५० टक्क्यांना तो १,५०० पास्कलच्या आसपास असतो. बाहेरच्या त्या हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या थोडा वर येतो. आतले प्लॅस्टिक २४ अंशांना असते. मग बाहेरून आलेले बाष्प प्लॅस्टिकच्या मागच्या अंगाला लागून पाणी होणारच, आणि ते तिथून वाळणार नाही. विनाइलचा भिंतकागदही हेच करतो. अशा हवामानात कागदाचा कोपरा सोलला की मागे गुलाबी आणि काळे डाग दिसतात, ते याचेच.

म्हणून प्लॅस्टिक आत की बाहेर, हा प्रश्न एका नियमाने सुटत नाही. बाष्प वर्षातल्या कोणत्या काळात कोणत्या दिशेने जाते आणि भिंत कोणत्या बाजूने वाळते, हे आधी ठरवावे. दोन्ही बाजूंना बाष्परोधक थर देणे मी जवळजवळ नेहमीच टाळतो, कारण मध्ये अडकलेल्या पाण्याला कोणतीच वाट उरत नाही.

गणिताबद्दल एक इशारा. भिंतीत बाष्पाचे पाणी कुठे होईल हे काढण्याची ग्लासर यांची १९५० च्या दशकाच्या अखेरची पद्धत शिकायला सोपी आहे आणि शिकावीही, पण ती फक्त विसरण पाहते. पाऊस, फटींतून जाणारी हवा आणि विटेने धरून ठेवलेले पाणी तिच्यात नाही. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेचे वूफी हे सॉफ्टवेअर तासातासाच्या हवामानावर पाणी आणि उष्णता एकत्र मोजते, पण त्यालाही पावसाची गळती आपणच गृहीत धरून द्यावी लागते. उत्तर सुंदर आलेखाच्या रूपात येते म्हणून ते खरे मानू नये. एकच भिंत कोरडी धरून आणि थोडी गळकी धरून, अशी दोनदा चालवून पाहावी. गळकी भिंत वर्षभरात वाळते का, हे कोरड्या भिंतीच्या आलेखापेक्षा जास्त बोलके असते.

प्रश्न : आमच्या कार्यालयात पंधरा तरुण अभियंते आणि वास्तुविशारद आहेत. बाहेरच्या प्रशिक्षणाला पाठवून फारसा फरक पडला नाही. आतच शिक्षणाची काही घडी बसवता येईल का? आणि प्रमाणपत्रांचा उपयोग कितपत?

उत्तर : प्रमाणपत्राचे आधी सांगतो. परीक्षेच्या निमित्ताने विषय पद्धतशीर वाचून होतो, म्हणून ते घ्यावे. आयआयबीईसी ही बाह्य आवरणाच्या सल्लागारांची संस्था, जी २०१९ पर्यंत आरसीआय या नावाने ओळखली जाई, अशी नोंदणी देते. पण सांधा कसा करायचा हे परीक्षेत कळत नाही.

घडी बसवताना फसलेल्या इमारती मध्यभागी ठेवाव्यात. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात गळक्या सदनिकांचा प्रश्न इतका वाढला, की १९९८ मध्ये तिथे माजी मुख्यमंत्री डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमावा लागला. न्यूझीलंडमध्ये अशाच गळक्या घरांवर २००२ मध्ये हन गटाचा अहवाल आला आणि त्याच वर्षी घरमालकांच्या दाव्यांसाठी कायदा झाला. दोन्हीकडे चित्र मिळतेजुळते होते : लाकडी सांगाड्यावर थेट ठोकलेले, बाहेरून एकसंध दिसणारे आवरण, आखूड किंवा नसलेली वळचण, आणि शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला मोकळी जागा नाही. न्यूझीलंडमध्ये प्रक्रिया न केलेले लाकूडही त्यात होते, त्यामुळे कुजणे वेगाने झाले. त्या काळात तिथे चार गोष्टींची मांडणी रूढ झाली : पाणी दूर लोटा, शिरलेले वाहून न्या, उरलेले वाळू द्या, आणि एवढे करूनही भिजणाऱ्या जागी टिकणारा माल वापरा. धोका जास्त असलेल्या भिंतींत आवरणामागे सुमारे २० मिलिमीटरची पोकळी ठेवण्याची रीत तिथे यातूनच पक्की झाली. तरुणांना हा इतिहास सांगावा, कारण ती घरे नियम धाब्यावर बसवून बांधलेली नव्हती. बरीचशी त्या वेळच्या मान्य पद्धतीनेच बांधलेली होती, आणि मला ती गोष्ट सर्वांत जास्त अस्वस्थ करते.

कार्यालयात दर महिन्याला एकच सांधा घ्यावा. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने तो स्वतः काढावा. दुसऱ्या आठवड्यात गवंड्याला आणि खिडकीवाल्याला बसवून तो नकाशा त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा. त्यांना जो क्रम अशक्य वाटतो तो प्रत्यक्षात होणार नाही, हे तिथेच कळते. तिसऱ्या आठवड्यात खऱ्या मापाचा नमुना उभारावा आणि ज्याने नकाशा काढला त्याच्याच हातात पाण्याची नळी द्यावी. आपण काढलेल्या रेघेतून पाणी गळताना पाहिलेला माणूस ती रेघ पुन्हा तशी काढत नाही. चौथा आठवडा मोकळा ठेवावा, कामाच्या घाईत तो बहुधा लागतोच.

याखेरीज वर्षातून दोनदा जुनी भिंत उघडताना सर्वांना न्यावे. ओल मोजणारे यंत्र हाती द्यावे, पण त्याची मर्यादाही दाखवावी. लाकडात त्याचा आकडा बराच विश्वासार्ह असतो आणि तो २० टक्क्यांच्या वर रेंगाळला तर सावध व्हायचे असते. विटेत वा गिलाव्यात मात्र ते फक्त तुलनेसाठी वापरावे, कारण लोणा असलेली कोरडी भिंतही यंत्राला ओली वाटते.

प्रश्न : बाहेरच्या भिंतीला जलरोधक जाड रंग दिला तर ओल आणि सळयांचा गंज दोन्ही थांबतील, असे एका मालकाला सांगण्यात आले आहे. मी काय सल्ला द्यावा?

उत्तर : रंग देण्याआधी दोन गोष्टी तपासायला सांगाव्यात.

पहिली, भिंत आत्ता किती ओली आहे. ओल्या भिंतीवर बाष्प न सोडणारा रंग दिला, की आतले पाणी उन्हाने बाहेर येऊ पाहते आणि क्षार रंगामागे स्फटिक होऊन साचतात. रंग फुगतो आणि गिलाव्यासकट पोपडे सुटतात. केसाएवढी भेग पाणी झटकन ओढून घेते, पण तेच पाणी रंगाच्या घट्ट थरातून बाहेर पडायला फार काळ घेते. रंग बाहेरचे पाणी अडवणारा पण बाष्प सोडणारा असावा, आणि भेगा त्याआधी भरलेल्या असाव्यात.

दुसरी, काँक्रिट किती खोलवर बदलले आहे. ताज्या काँक्रिटचा सामू १२.५ च्या वर असतो आणि त्या अल्कलीत सळई सुरक्षित राहते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तो बाहेरून आत हळूहळू ९ च्या खाली येतो, आणि हा बदल सळईपर्यंत पोचला की ओल मिळताच गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा घेतो, म्हणून आवरणाचे काँक्रिट फुटून पडते. हा बदल ५० ते ७० टक्के आर्द्रतेत सर्वांत वेगाने होतो, तर गंजाला त्याहून जास्त ओल लागते. म्हणूनच सतत भिजलेल्या जागेपेक्षा आलटून पालटून भिजणाऱ्या व वाळणाऱ्या जागा, म्हणजे छज्जांचे तळ आणि स्लॅबच्या कडा, आधी खराब होतात.

ताज्या फोडलेल्या कपच्यावर फिनॉल्फ्थेलिनचा फवारा मारावा. जिथे काँक्रिट गुलाबी होते तिथपर्यंत अल्कली शिल्लक आहे. रंग न बदललेली जाडी पट्टीने मोजावी आणि सळईवरच्या आवरणाशी ताडून पाहावी. बदल सळईपासून दूर असेल तर चांगला रंग खरोखरच त्याचा वेग कमी करतो आणि मालकाचा खर्च सार्थकी लागतो. तो सळईपर्यंत पोचला असेल, तर सैल काँक्रिट सळईच्या मागपर्यंत काढणे, सळई साफ करणे आणि आवरण पुन्हा भरणे हे काम आधी येते. रंगाचा क्रम त्यानंतरचा, आणि तोही वर कठड्याचा ढाळ व छज्जाची खाच दुरुस्त झाल्यावर.